आगाऊ उपकारस्तुती

माझ्या नवऱ्याशी देव बोलायचा. माझ्याशी कधी बोलला नाही. बोलला असेल तर मला ऐकू आलं नाही, आणि ज्याला ऐकू येत नाही त्याने काय करायचं हे आमच्या चर्चच्या मंडळीत कुणी शिकवत नाही. तिथे सगळ्यांनाच ऐकू येतं.

यावरून आमच्या घरात भांडण मात्र कधी झालं नाही, कारण यांचा देव फार मोठ्या बाता मारणारा नव्हता. जयपूरच्या दुर्गापुऱ्यातल्या आमच्या घराच्या गच्चीवर हे सकाळी कोरा चहा घेऊन बसायचे. कठड्यावर मोर यायचे, त्यांची घाण मला धुवावी लागायची, आणि हे तिकडे डोळे मिटून शांत. खाली आले की मी विचारायची, "काय म्हणतो आज?" मग हे सांगायचे. नगरला बहिणीला फोन कर म्हणाला. त्या पीएचडीच्या मुलाच्या प्रबंधावर इतकं कडक लिहू नकोस म्हणाला. एकदा ऐन एप्रिलात छत्री घेऊन जा म्हणाला, आणि हे खरंच छत्री घेऊन कामावर गेले. पाऊस कसला येतोय! संध्याकाळी कोरडी छत्री खुंटीला अडकवताना मी म्हटलं, "तुमच्या देवाला हवामान खात्यात चिकटवू नका म्हणजे झालं." हे हसले. म्हणाले, "त्याचं नाही चुकलं. माझ्या ऐकण्यात काहीतरी गडबड झाली असेल."

हे वाक्य मला पुढे फार आठवलं. आपल्या ऐकण्यात गडबड झाली असेल, असं म्हणणारा माणूस मला त्यांच्यानंतर भेटलेला नाही.

आम्ही दोघंही नगर जिल्ह्यातले, ख्रिस्ती, मास्तरांच्या घरातले. हे शेतीशास्त्रज्ञ; जवाच्या वाणांवर काम करायचे आणि त्या कामापायी आम्ही जयपूरला आलो ते इथलेच झालो. मी मुलींच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलं. मध्यंतरी एकदा महाराष्ट्रात परत जायची संधी आली होती. मी आपली मनातून सामान बांधायला लागले होते. हे आठवडाभर गच्चीवर बसून आले आणि म्हणाले, "तो काही बोलला नाही. मतलब, आपणच ठरवायचं." मुलगी तेव्हा दहावीत होती, म्हणून आम्ही राहिलो. मोठं काही तो सांगत नाही, असं यांचं म्हणणं होतं. मोठं ठरवायला त्याने डोकं दिलंय, लहानसहान गोष्टीत मात्र माणूस घसरतो, तिथं तो हळूच बोलतो. अशा देवाशी माझं पटण्यासारखं होतं. मला ऐकू येत नसला तरी शेजारच्या खोलीत कुणीतरी बरं माणूस राहतंय, असं वाटायचं.

रविवारची उपासना हिंदीतून. पण महिन्यातल्या एका शनिवारी दुपारी आम्ही पाचसहा मराठी कुटुंबं एकत्र जमायचो. प्रार्थनासभा काकांच्या घरी असायची. काका म्हणजे विमा कंपनीतून निवृत्त झालेले अधिकारी, वयाने आमच्यापेक्षा मोठे, आवाज खणखणीत. गोपालपुरा बायपासला त्यांचं घर. वरचे दोन मजले कोचिंगच्या मुलांना भाड्याने दिलेले, समोर कोचिंगवाल्यांचे भलेमोठे फलक, त्यावर शंभर टक्के निवडीची हमी. खाली हॉलमध्ये आम्ही सतरंजीवर बसून आपली मराठी गीतं म्हणायचो. काकू, म्हणजे काकांच्या पत्नी, गीताचं शेवटचं कडवं सुरू झालं की उठून स्वयंपाकघरात जायच्या आणि चहाचं आधण ठेवायच्या. त्या सभेत काकूंचा आवाज मी गाण्यापलीकडे कधी ऐकला नव्हता.

गीतांनंतर साक्ष. ज्यांना आमचे रिवाज ठाऊक नाहीत त्यांच्यासाठी सांगते: साक्ष म्हणजे उभं राहून, या महिन्यात प्रभूने माझ्यासाठी काय केलं ते चारचौघांत सांगायचं. मुलाला नोकरी लागली, गुडघा दुखायचा राहिला, बदली थांबली. बहुतेकांच्या साक्षी ऐकून असं वाटायचं की देवाला दुसरं काही कामच नाही. माझी पाळी आली की मी "सर्व ठीक आहे, देवाची कृपा" म्हणून बसायची. हे उभे राहिले तर छत्रीचीच गोष्ट सांगायचे, आणि लोक हसायचे, काका सोडून.

त्या वर्षी पावसाळ्यात यांचं वजन उतरायला लागलं. मग पाठ दुखायला लागली, डोळे पिवळे झाले. तपासण्या झाल्या. स्वादुपिंडाचा कर्करोग, ऑपरेशन होण्याच्या पलीकडे गेलेला. जे उपचार करण्यासारखे होते ते आम्ही केले. हे मुद्दाम लिहिते आहे, कारण ही गोष्ट औषध टाकून नुसती प्रार्थना करत बसलेल्या लोकांची नाही. तसं असतं तर राग करणं सोपं गेलं असतं. हॉस्पिटलातले डॉक्टर अकोल्याकडचे, मराठी बोलणारे, भला माणूस. दिवाळीनंतर त्यांनी मला एकटीला केबिनमध्ये बसवलं आणि सांगितलं, "मॅडम, औषधाचा आता उपयोग नाही. त्रास कमी ठेवायचा, एवढंच आपल्या हातात आहे. सरांशी तुमचं बोलणं झालंय ना? म्हणजे पुढचं सगळं?"

झालं नव्हतं. पण होईल असं मला वाटत होतं. आमच्यात काही लपलेलं राहायचं नाही. मला यांना एक गोष्ट तर विचारायचीच होती: तुम्हांला कुठं ठेवायचं? आमच्यात दफन. यांचे आईवडील नेवाशाकडच्या गावी, देवळामागच्या, म्हणजे चर्चमागच्या, लिंबाखाली आहेत. एक भाऊही तिथेच. जयपुरात आमचं आपलं असं मातीत कुणी नाही. गावी न्यायचं तर ते किती लांब, कसं न्यायचं, हा पुढचा प्रश्न. पण नवऱ्याची इच्छा काय ते बायकोला माहीत असायला हवं, इतकी साधी ही गोष्ट होती. मी म्हटलं, शनिवारची सभा होऊ दे, रविवारी गच्चीवर बसून बोलू.

त्या शनिवारी सभा झाली. यांना भिंतीला टेकून बसवलं होतं, अंगातला स्वेटर दोन माणसं मावतील असा झालेला. सगळे डोळे मिटून मूक प्रार्थना करत होते. आणि काका एकदम उभे राहिले. खणखणीत आवाजात म्हणाले, "प्रभु माझ्याशी आत्ता स्पष्ट बोलला. आमचे हे भाऊ बरे झाले आहेत. बरे होतील असं नाही म्हणाला तो, झाले आहेत म्हणाला. आपण मागत बसायचं नाही. आपण उपकार मानायचे. पुढच्या आठवड्यात इथं, माझ्या घरी, भावांची उपकारस्तुती."

उपकारस्तुती आमच्याकडे घरोघर होते. आजारातून माणूस उठला, नवं घर झालं, पोरगी परीक्षेत पास झाली, की मंडळीला घरी बोलवायचं, देवाचे आभार मानायचे, जेवण घालायचं. मी लहानपणापासून अशा शंभर पंगतींत जेवले असेन. पण त्या सगळ्या झालेल्या गोष्टींच्या होत्या. न झालेल्या गोष्टीची उपकारस्तुती मी तोवर पाहिली नव्हती. निकाल लागायच्या आधी पेढे वाटावेत, तसं. काकांचं म्हणणं असं की हाच खरा विश्वास. आधी आभार मानले की देवाला मागे फिरता येत नाही, असं काही ते म्हणाले नाहीत, पण एकंदर हिशेब तसाच होता.

मी घरी येताना गाडी चालवत होते. म्हटलं, "फोन करून सांगते, नको म्हणून." हे खिडकीबाहेर बघत म्हणाले, "अगं, किती दिवस येतायत ते हॉस्पिटलात. सकाळपासून रांगेत उभे राहतात. शहाळं आणतात. त्यांना नाही कसं म्हणू?" हे खरं होतं. काकांनी आमच्यासाठी जे केलं ते सख्खा भाऊ करणार नाही. ते वाईट असते तर मी तेव्हाच दोन शब्द सुनावून मोकळी झाले असते. चांगल्या माणसांनी केलेल्या जुलमाला कुठे दाद मागायची?

"आणि तुमचा तो? तो काय म्हणतो?" मी विचारलं.

"बघू," हे म्हणाले.

उपकारस्तुती झाली. पुलाव, मटण, शिरा. काकू एकट्या सकाळपासून राबत होत्या. घामेजलेल्या चेहऱ्याने वाढत होत्या. यांना साक्षीसाठी उभं केलं. दोन्ही बाजूंनी दोघांनी धरलं, आणि हे म्हणाले, "प्रभूने मला बरं केलं आहे." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, दोघीतिघी रडल्या. मी यांच्या कपाळावरचा घाम बघत होते. डिसेंबरातला तो दिवस होता. हा माणूस, ज्याने जन्मात कधी जवाच्या एकरी उताऱ्याचा एक आकडा फुगवून लिहिला नाही, त्यापायी ज्याने वरिष्ठांशी वाकडं घेतलं, तो उभा राहून पन्नास डोळ्यांदेखत खोटं बोलला. प्रेमाखातर बोलला. मला काकांच्या हातातला माईक ओढून घ्यावासा वाटला, पण मी शिऱ्याची वाटी धरून बसून राहिले.

त्या दिवसापासून आमच्या घरात दुखणं बंद झालं. म्हणजे दुखायचं थांबलं नाही. दुखतं म्हणायचं थांबलं. काकांनी सगळ्यांना बजावलं होतं: लक्षणांकडे बघू नका, आजाराचं नाव तोंडातून काढू नका, तोंडातून निघालेला अविश्वास सैतान झेलायला बसलेला असतो. रोज कुणाचा ना कुणाचा फोन यायचा. "कसं वाटतंय भाऊ?" आणि हे आवाज ओढून म्हणायचे, "उत्तम. देवाची कृपा." फोन ठेवला की डोळे मिटायचे. डॉक्टरांनी दिलेली दुखण्यावरची गोळी, कुणी घरात असलं की हे घ्यायचे नाहीत. मी समोर धरली तर म्हणायचे, "नंतर." पाहुणे तासभर बसायचे, गीत म्हणायचे, आणि ती गोळी माझ्या मुठीत भिजून जायची.

बोलायचं ठरवलेला रविवार कधीच मागे पडला होता; पुढच्या एका रविवारी सकाळी मी यांना गच्चीवर नेलं. ऊन कोवळं होतं. मी बरंच घोळवून म्हटलं, "गावाकडे जायचं मनात येतं का तुमच्या?"

"येतं ना," हे म्हणाले. "उन्हाळ्यात जाऊ. तोवर ताकद येईल."

माझ्याकडे न बघता म्हणाले. पुढे मी काय विचारायचं? जो माणूस उन्हाळ्यात गावी जाणार आहे त्याला, तुमची कबर कुठं करू, असं कोणत्या तोंडाने विचारायचं? मी चहाचा कप उचलला आणि खाली आले. मागून विचारलं नाही, आज तो काय म्हणाला म्हणून. आणि यांनीही आपणहून सांगितलं नाही. त्यानंतर कधीच सांगितलं नाही.

जानेवारीत यांनी हट्ट धरला, चौमूंकडे एका शेतकऱ्याच्या रानात यांच्या वाणाचा जव उभा आहे, तो बघायचा. डॉक्टर म्हणाले, न्या. मी गाडी काढली. शहर मागे पडलं तसे हे जरा खुलले, हा शेतकरी कसा, ती जमीन कशी, सांगायला लागले. मग बोलता बोलता थांबले. म्हणाले, "जरा बाजूला घे. पाय आखडलेत." मी गाडी रस्त्याकडेला घेतली. हे उतरले, माझ्याकडे पाठ केली, आणि दोन्ही हात बॉनेटवर टेकून उभे राहिले. मला यांची पाठ दिसत होती. खांदे वरखाली होत होते. पाय आखडलेला माणूस असा उभा राहत नाही. मी काचेआड बसून राहिले. ट्रक जात होते, प्रत्येक ट्रकने यांचा स्वेटर फडफडत होता. बऱ्याच वेळाने हे येऊन बसले. चेहरा राखेसारखा, आणि तरी हसून म्हणाले, "झालं मोकळं. चल."

त्या क्षणी मला जो राग आला तो काकांचा नव्हता. तो वरच्याचा होता. लोक मला विचारतात, विशेषतः माझी मुलगी विचारते, की मम्मी तुझा विश्वास उडाला का. नाही उडाला. उडाला असता तर बरं झालं असतं. राग यायला समोर कुणीतरी असावं लागतं. मी गाडी चालवत त्याला म्हणत होते, गोपालपुऱ्यात जाऊन तुला एवढं मोठ्याने बोलता येतं, मग या माणसाशी बोल ना. तुझ्यासाठी रोज पहाटे कोरा चहा घेऊन बसणारा हा तुझा माणूस. त्याला सांग, बायकोला खरं सांग म्हणून. एवढं लहानसं बोल. तुझ्या सवयीचंच आहे. पण रस्ताभर गाडीचाच आवाज येत राहिला.

फेब्रुवारीच्या शेवटी यांना हॉस्पिटलात भरती करावं लागलं. मुलगी बंगळूरहून आली. जन्म जयपूरचा, तिचं मराठी तोडकंमोडकं. तीही कुजबुजत विचारायची, "मम्मी, पप्पांना मालूम आहे ना? मतलब, सब कुछ?" सभेची माणसं पाळीपाळीने यायची, हात धरून उपकार मानायची आणि जायची.

एका दुपारी मी घरून डबा घेऊन आले. यांच्या कॉटभोवती हिरवा पडदा ओढलेला होता, आत सिस्टर सलाईन बदलत होती. इथलीच मुलगी, नवीनच लागलेली. मी पडद्याबाहेर थांबले, आणि यांचा आवाज ऐकला.

"सिस्टरजी, दर्द बहुत है. बहुत दिन से है. कुछ तेज़वाला दे दो."

"घर पे क्यों नहीं बताया अंकल? मैडम तो रोज़ पूछती हैं."

"कैसे बताऊँ," हे म्हणाले. "सबने मेरे लिए धन्यवाद दे दिया है."

मी डबा खाली ठेवला. तिथे, पडद्याच्या अलीकडे, लोकांच्या जाण्यायेण्याच्या वाटेत उभी असताना माझं काय काय झालं ते मला लिहिता येणार नाही. एवढंच लिहिते की मला त्या पोरीचा हेवा वाटला. माझ्या आयुष्याच्या जोडीदाराने माझ्याशी बोलायचं ते एका अनोळखी पोरीला, परक्या भाषेत सांगितलं, कारण तिने उपकारस्तुतीचं जेवण जेवलेलं नव्हतं.

सिस्टर बाहेर आली, मला बघून चपापली. मी तिला म्हटलं, डॉक्टरांना बोलाव, जे तेज असेल ते आण. मग आत गेले आणि कॉटवर बसले.

"कधीपासून?" मी विचारलं.

यांनी ओळखलं. "पहिल्यापासून," म्हणाले. "थांबलं नाही कधी."

"मला का नाही सांगितलंत?"

"तू म्हणाली असतीस, मी सांगत होते म्हणून."

"म्हटलंच असतं!" मी म्हणाले, आणि आम्ही दोघंही हसलो. हसल्याने यांना कळ आली, आणि या वेळी यांनी ती लपवली नाही. माझा हात धरून "आई गं" म्हणाले. ते दोन शब्द ऐकायला मला किती महिने लागले! नवरा कळवळला आणि माझा जीव भांड्यात पडला. असली वेळ कुणावर येऊ नये.

इंजेक्शन दिल्यावर जरा सैल झाले. मी विचारलं, "आणि तो? तो काय म्हणतो?"

"बोलत नाही," हे म्हणाले. "त्या सभेपासून नाही. मी बसतो, वाट बघतो. मला वाटलं, मी खोटी साक्ष दिली म्हणून रुसला." मग माझ्याकडे बघून, अगदी भाबडेपणाने विचारलं, "तुला काही म्हणाला?"

"मला कधी म्हणतो तो?"

"हं," हे म्हणाले. "म्हणजे आता आपण सारखेच."

मग मी विचारलं. कुठं ठेवू तुम्हांला? यांनी इतक्या सरळपणे उत्तर दिलं की इतके दिवस वाया गेल्याचं मला दुप्पट वाईट वाटलं. "इथंच. गावाकडे आता कोण आहे? तू म्हातारपणी फुलं घेऊन नेवाशाला कशी येशील? गुडघे बघ तुझे." मग म्हणाले, कोट घालू नका, स्वेटर घाला. बहिणीला आधी कळव. मुलीला कामावर लवकर परत पाठव, इथं रडत बसू देऊ नकोस. आणि गच्चीवर मोरांना दाणे टाकू नका म्हणतेस, तरी टाकत जा. मी सगळ्याला हो म्हणत गेले. दुपारचं ऊन पडद्यावरून सरकलं, संध्याकाळच्या भेटीची वेळ झाली. जिन्यात काकांचा आवाज आला. यांनी डोळे मिटून घेतले.

एवढी एक दुपार मला मिळाली. दुसऱ्या दिवसापासून औषधाने हे ग्लानीतच होते, आणि त्या आठवड्यातच गेले.

दफनाला सगळे आले. हिंदी मंडळीच्या पाळकांनी, म्हणजे पास्टरांनी, प्रार्थना केली. शवपेटी खाली सोडल्यावर काका पुढे झाले आणि म्हणाले, "प्रभूने मला जे सांगितलं होतं ते त्याने खरं केलं. आमच्या भावांना त्याने पूर्ण आरोग्य दिलं आहे. आता कुठलंही दुखणं नाही." लोकांनी आमेन म्हटलं. किती सोपं! माणूस जगला तरी देवाचा शब्द खरा, मेला तरी खरा. हातात मूठमाती घेऊन मी उभी होते. मी म्हटलं, "काका, त्यांना फार दुखत होतं."

मी ओरडून बोलले नव्हते, पण सगळ्यांनी ऐकलं. मुलीने माझी ओढणी ओढली. "मम्मी, अभी नहीं."

"मग कधी?" मी म्हटलं. "रोज दुखत होतं. आपल्यातल्या कुणालाही ते सांगू शकत नव्हते." मग मी माती टाकली. बाकीच्यांनी टाकली. काका माझ्याकडे न बघता पुढचं गीत सुरू करून मोकळे झाले.

नंतर त्यांचा फोन आला होता. ताई, मनात कडूपणा येऊ देऊ नका, म्हणाले. मी म्हटलं, येऊ कुठून देणार, तो आता घरचाच आहे. सभेला मी गेले नाही. मला कुणी बोलावलंही नाही. मी शोकात आहे असं सगळ्यांनी आपापसात ठरवून टाकलं. सकाळी मी गच्चीवर बसते. ऐकायला म्हणून नाही. ती जागा रिकामी बघवत नाही, म्हणून.

मे महिन्यात एका दुपारी, लूचा गरम वारा सुटलेला, रस्त्यावर चिटपाखरू नाही, आणि दाराशी ई-रिक्षा थांबली. काकू होत्या. एकट्या. त्यांना एकटं बाहेर पडलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. डोक्यावरचा पदर तोंडावरून घट्ट ओढून घेतलेला. "सलाम बाई," आमच्या रिवाजाप्रमाणे म्हणाल्या आणि आत येऊन खुर्चीच्या कडेवर बसल्या. मी पाणी दिलं ते प्यायल्या नाहीत. मला वाटलं, काकांनी समजूत घालायला पाठवलंय. मी मनातल्या मनात उत्तरं जुळवायला लागले, चांगली झणझणीत.

"बाई," काकू म्हणाल्या, "माझ्या पोटात दुखतंय."

मी पाण्याचा ग्लास त्यांच्याजवळ सरकवला.

"बरेच दिवस झाले. रक्तपण जातंय. कुणाला बोलले नाही मी."

"काकांना सांगा ना," मी म्हटलं. आवाजात धार होती, मला कळत होतं. "त्यांना तर देव सगळं सांगतो."

काकूंनी मान हलवली. त्या चिडल्या नाहीत, हसल्या नाहीत, रडल्याही नाहीत. घरातलं एखादं नेहमीचं काम सांगावं तशा म्हणाल्या, "त्यांना सांगितलं तर ते उपकारस्तुती ठेवतील."

कूलर घरघरत होता, आणि मुळात काकू फार हळू बोलायच्या. मी उठून कूलर बंद केला. खोली लगेच तापायला लागली. खुर्ची ओढून मी त्यांच्यासमोर बसले आणि विचारलं, "कुठं दुखतं? दाखवा मला."